मुदत नसलेलं गुपित

२ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत यशवंतराव चव्हाण निवेदनासाठी उभे राहिले, तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाला हवा असलेला एक अहवाल त्यांच्या मंत्रालयात होता आणि तो कुणालाही मिळणार नव्हता. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चीनकडून झालेल्या पराभवाला वर्षही झालं नव्हतं. आदल्या नोव्हेंबरात मुंबईतलं मुख्यमंत्रिपद सोडून ते नेहरूंच्या बोलावण्यावरून दिल्लीला गेले. २१ नोव्हेंबर १९६२ला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या भाषणांपासून पुतळ्याच्या अनावरणापर्यंत वापरून गुळगुळीत झालं आहे. खरं तर सह्याद्री पोहोचला तेव्हा लढाई संपली होती. वाट्याला आली ती आवराआवर, फौजेची नव्याने उभारणी, आणि कुणाचं काय चुकलं याची चौकशी.

चव्हाणांनी सभागृहाला चौकशीचे विषय सांगितले: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकूम वरून खाली जाण्याची व्यवस्था, जवानांची शारीरिक तयारी आणि आपल्या माणसांना लढायला उभं करण्याची अधिकाऱ्यांची कुवत. ढोबळ निष्कर्षही सांगितले. मग मुद्द्यावर आले. अहवाल पटलावर ठेवणं सार्वजनिक हिताचं नाही. त्याची काटछाट केलेली किंवा संक्षिप्त आवृत्तीही देता येणार नाही, कारण तिच्यातून उभं राहणारं चित्र अपुरं आणि एका बाजूला झुकलेलं असेल.

त्या दिवशी ते बरोबर होते, असं माझं मत आहे. समोर चीनची फौज होती, नव्या पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहत होत्या, आणि हरलेल्या सैन्याच्या उणिवांची यादी छापून वाटणं हा शहाणपणा नव्हता. चव्हाणांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केलं असतं. पण हे किती वर्षं झाकून ठेवायचं, याची मुदत तेव्हा ठरली नाही. नंतरच्या साठ वर्षांतही ती कुणी ठरवली नाही. नवल आहे ते याचं.

हा अहवाल 'हेंडरसन ब्रूक्स अहवाल' म्हणून ओळखला जातो. लेफ्टनंट जनरल थॉमस ब्रायन हेंडरसन ब्रूक्स तेव्हा जालंधरला एका कोअरचे प्रमुख होते. पुढे निवृत्तीनंतर ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. त्यांचे जोडीदार ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत हे डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे प्रमुख होते. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाशी भगतांचं नातं जुनं. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत रस्त्यावरचे सुरुंग काढत सलग चार दिवस पुढे सरकत राहिल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा ते याच सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट होते. अशा माणसांना दुसऱ्यांच्या चुका मोजायला बसवलं, तर ती मोजणी मिळमिळीत होण्याची शक्यता नव्हती.

मात्र त्यांच्या हातात दिलेला फूटपट्टीचा तुकडा आखूड होता. चौकशी नेमली होती नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधुरी यांनी, ती सरकारने नेमलेली चौकशी नव्हती. तिचा रोख मैदानातल्या फौजेवर होता. दिल्लीतल्या लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरायची तिला मुभा नव्हती, मग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात काय ठरलं ते दूरच. स्वतः लेखकांनीच नोंदवून ठेवलं आहे की मुख्यालयापासून सुरुवात करून खाली कमांडकडे आणि मग प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांकडे येणं तर्काला धरून झालं असतं. तरीही खालून वर बघताना त्यांना जे दिसलं, ते पुरेसं बोलकं आहे.

एक उदाहरण जवळून बघू. २ नोव्हेंबर १९६१ला नेहरूंच्या उपस्थितीत एक बैठक झाली आणि तीत पुढे 'फॉरवर्ड पॉलिसी' म्हणून गाजलेलं धोरण ठरलं. लडाखमध्ये जिथवर आपला दावा आहे तिथवर शक्य तितकं पुढे जायचं, ठाणी बसवायची. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली होती. पुढच्या ठाण्यांच्या मागे, रसद पोहोचू शकेल अशा जागी मोठी फौज गोळा करायची, म्हणजे प्रसंग ओढवला तर ती झटकन पुढे येऊन परिस्थिती सावरेल. हा सगळ्या योजनेचा कणा होता. ५ डिसेंबर १९६१ला लष्करी मुख्यालयाने कमांडना जे आदेशपत्र धाडलं, त्यातून नेमकं हेच कलम गळालं. ठाणी पुढे गेली आणि त्यांच्या मागे कोणी उभं राहिलं नाही. कुठे दहा-वीस माणसं, विमानातून टाकलेल्या रसदीवर जगणारी. चिनी फौज प्रतिकार करणार नाही या गुप्तचर खात्याच्या अंदाजावर सगळ्यांची भिस्त. २० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे तो अंदाज कोसळला. सरकारी आकडेवारीनुसार १,३८३ भारतीय सैनिक मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ कैद झाले.

एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरताना गळालेलं कलम, यात चीनला आज कळू नये असं काय आहे? हा प्रश्न मी खोचकपणे विचारत नाही. याचं उत्तर देणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

हे सगळं आपल्याला कळलं ते नेव्हिल मॅक्सवेल यांच्यामुळे. लंडनच्या 'टाइम्स'चे ते दिल्लीतले वार्ताहर. त्यांच्या हाती अहवालाची प्रत लागली आणि १९७० साली त्यांचं 'इंडियाज चायना वॉर' हे पुस्तक आलं. म्हणजे शिक्का बसला त्यानंतर सातव्या वर्षी अहवालाचा गाभा पुस्तकांच्या दुकानात विकायला होता. १७ मार्च २०१४ला, वयाच्या ऐंशीच्या घरात, मॅक्सवेल यांनी अहवालाच्या पहिल्या भागाची शंभराहून जास्त पानं आपल्या संकेतस्थळावर टाकली. मधली काही पानं त्यात नव्हती. थोड्याच वेळात भारतातून ते संकेतस्थळ उघडेनासं झालं, पण तोवर हजारोंनी ती पानं उतरवून घेतली होती. यंत्रावर टंकलेली, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांची पानं. प्रत्येकावर 'टॉप सीक्रेट'. ज्याच्या मोबाइलमध्ये जागा आहे तो ती आज वाचू शकतो. सरकारच्या लेखी मात्र ती अजून कुणी वाचलेली नाहीत.

आता यातून नुकसान कुणाचं झालं ते बघा. मॅक्सवेल यांचा निष्कर्ष असा, की १९६२चं युद्ध भारताने ओढवून घेतलं. भारतातल्या अनेक अभ्यासकांना तो एकांगी वाटतो. मलाही चीनकडचे पुरावे त्यांनी फार हलक्या हाताने तपासले असं वाटतं. पण चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याशी वाद घालणाऱ्याची पंचाईत अशी, की मूळ अहवाल त्यांच्याकडे होता आणि आपल्याकडे नव्हता. त्यांनी कुठलं वाक्य उचललं आणि कुठलं सोडलं, हे पडताळायचं कसं? अहवाल बंद ठेवून भारत सरकारने तो चीनपासून किती लपवला ते सांगता येत नाही. एका परदेशी पत्रकाराला मात्र त्याचा मक्ता मिळाला, हे नक्की.

दुसरीकडे, त्या पराभवाशी संबंधित अनेक जण बोलते झाले. चौथ्या कोअरचे सेनापती बी. एम. कौल यांनी १९६७ साली आपली बाजू पुस्तकातून मांडली. नामका चू नदीकाठी कैद झालेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९मध्ये 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. गुप्तचर खात्याचे प्रमुख बी. एन. मलिक यांनी १९७१मध्ये आठवणी छापल्या. लष्करी कारवाया विभागाचे संचालक डी. के. पलित यांचं पुस्तक १९९१चं. दळवींचं पुस्तक अजूनही हाती धरवत नाही इतकं चटका लावणारं आहे, आणि ते वाचल्यावर दिल्लीतल्या साहेबलोकांचा राग आल्याशिवाय राहत नाही. तरी ते एका बाजूचंच आहे. पक्षकारांच्या कैफियती बाजारात आणि निवाडा कपाटात, असा हा प्रकार.

सरकारी इतिहासाची कथाही वेगळी नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९६२च्या युद्धाचा सविस्तर इतिहास लिहून घेतला. पी. बी. सिन्हा आणि आपल्या पुण्याचे कर्नल अनिल आठले त्याचे लेखक, एस. एन. प्रसाद मुख्य संपादक. १९९२ साली तो पुरा झाला. त्याच्यावर 'रिस्ट्रिक्टेड' असा शिक्का मारून मोजक्या प्रती काढल्या गेल्या. गोपनीयतेच्या चार पायऱ्यांतली ही सगळ्यात खालची. सरकारने तो छापून विकायला ठेवला नाही, म्हणून काही वर्षांनी एका इंग्रजी दैनिकाने तो इंटरनेटवर टाकून दिला. सरकारने पगार देऊन लिहवून घेतलेला इतिहास लोकांनी चोरवाटेने वाचला.

अहवाल मागणाऱ्यांना काय उत्तरं मिळाली, ती एकापाठोपाठ एक मांडण्यासारखी आहेत. थोडं थांबून बघू. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी त्याखाली अहवाल मागितला. नकार आल्यावर ते केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. आयोगाने अहवाल स्वतः तपासला आणि मार्च २००९मध्ये निकाल दिला: भारत-चीन सीमेचा प्रश्न अजून जिवंत आहे, त्यामुळे अहवालाचा कुठलाही भाग देता येणार नाही. एप्रिल २०१०मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर अतिशय संवेदनशील आहेच, शिवाय तो आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीने उपयोगाचा आहे. मॅक्सवेल यांनी पानं टाकल्यावर दोन दिवसांत, मार्च २०१४मध्ये, राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लिहिलं की जुनी दप्तरं अनंतकाळ लोकांपासून दूर ठेवणं व्यापक हिताचं नाही. मेमध्ये सरकार बदललं. जेटली संरक्षणमंत्री झाले. जुलैमध्ये राज्यसभेत प्रश्न आला आणि लेखी उत्तर गेलं: अहवाल 'टॉप सीक्रेट' आहे, तो उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. खुर्ची बदलली की मत बदलतं, याचा एवढा स्वच्छ नमुना शोधूनही सापडणार नाही. यात काँग्रेस-भाजप असा भेद करायला मुळीच जागा नाही.

कायदा काय म्हणतो? सगळ्यांना १९२३चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट आठवतो, इंग्रजांच्या वेळचा. पण त्या कायद्यात गुपित फोडणाऱ्याला शिक्षा आहे, गुपिताला मुदत नाही. मुदतीचा विचार आला तो १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात आणि १९९७च्या नियमांत. तीस वर्षांहून जुने झालेले आणि राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचलेले कागद अभ्यासकांना बघायला मिळावेत, असं कायदा म्हणतो. वाचून बरं वाटतं. मग शब्द नीट बघावेत: 'अवर्गीकृत' कागद. त्याच कायद्याचं दहावं कलम सांगतं की सुरक्षेचा शिक्का असलेला कुठलाही कागद अभिलेखागारात पाठवायचाच नाही. शिक्का आहे तोवर कागद मंत्रालयात राहणार. मंत्रालयात आहे तोवर तीस वर्षांचा नियम त्याला लागणार नाही. शिक्का पुसायचा कुणी? नियमांनुसार प्रत्येक खात्याने अवर सचिवाच्या खाली नसलेला एक अधिकारी नेमायचा आणि त्याने दर पाच वर्षांनी अशा कागदांचा फेरविचार करायचा. फेरविचार केला नाही तर काय, याबद्दल नियम गप्प आहेत. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते आणि ती संपली की दुकानदाराला ती विकता येत नाही. इथे मुदत दुकानदारानेच लिहायची आहे, आणि नाही लिहिली तर माल कायमचा ताजा.

माहिती अधिकारानेही हे दार अर्धंच उघडलं. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मागितली तर नकाराची बहुतेक कारणं गळून पडतात, असं आठव्या कलमात आहे. तीन कारणं तेवढी टिकतात, आणि त्यातलं पहिलं देशाची सुरक्षा. म्हणजे ज्या माहितीसाठी वीस वर्षांची अट सगळ्यात गरजेची होती, तिलाच ती लागू नाही. व्यापक सार्वजनिक हित मोठं ठरलं तर गोपनीय माहितीही देता येते, अशी एक पळवाट त्याच कलमात आहे. हेंडरसन ब्रूक्सच्या बाबतीत तिचा उपयोग झाला नाही.

कचेरीत हा शिक्का बसतो कसा, तेही कळायला हवं. चार पायऱ्या: 'टॉप सीक्रेट', 'सीक्रेट', 'कॉन्फिडेन्शियल', 'रिस्ट्रिक्टेड'. कुठला कागद कुठल्या पायरीवर बसवायचा याची गृह मंत्रालयाची एक पुस्तिका आहे, आणि ती पुस्तिकाही गोपनीय आहे. फाइलमधल्या सगळ्यात वरच्या पायरीच्या कागदाचा दर्जा अख्ख्या फाइलला चिकटतो. दोनशे पानांच्या फाइलमध्ये एक 'सीक्रेट' टिपण असेल, तर उरलेली चहापाण्याची बिलंही 'सीक्रेट' होऊन बसतात. शिक्का मारणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. काढणाऱ्याला मात्र उद्या काही झालं तर विचारतील. कुठलाही शहाणा अवर सचिव अशा वेळी काय करेल, हे सांगायला नको.

अमेरिकेत याची रीत उलटी आहे. बराक ओबामा यांनी २९ डिसेंबर २००९ला सही केलेला १३५२६ क्रमांकाचा आदेश तिथे चालतो. त्याचा मूळ सांगाडा १९९५चा, क्लिंटन यांच्या काळातला. शिक्का मारतानाच तो कधी उतरेल ते लिहायचं. दुसरी तारीख ठरवता आली नाही तर दहा वर्षं. पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या साली ३१ डिसेंबरला, कुणी तपासलेला असो वा नसो, महत्त्वाचा कागद आपोआप खुला होतो. ज्याला तो बंद ठेवायचा आहे त्याने कारण द्यायचं, आणि कारणं मोजून नऊ. त्यातूनही काही पन्नास वर्षांपर्यंत जातात, क्वचित काही पंचाहत्तरपर्यंत. कुठलीही माहिती अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही, असं त्या आदेशात लिहिलेलं आहे. आणखी एक कलम मला फार आवडतं: कायदेभंग, गलथानपणा किंवा प्रशासनाची चूक झाकण्यासाठी, किंवा कुणाची नाचक्की टाळण्यासाठी शिक्का मारता येणार नाही.

कागदावरच्या या रीतीने तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नये. पहिल्या महायुद्धाच्या वेळची अदृश्य शाई बनवण्याची कृती सीआयएने २०११ साली उघड केली, नव्वदहून अधिक वर्षांनी. व्हिएतनाम युद्धावरचे 'पेंटागॉन पेपर्स' १९७१मध्ये वर्तमानपत्रांनी छापले, पुस्तक होऊन विकले गेले, विद्यापीठांत शिकवले गेले. त्यांच्यावरचा शिक्का संपूर्ण उतरला तो जून २०११मध्ये. केनेडी यांच्या हत्येची कागदपत्रं १९९२च्या कायद्याने २०१७पर्यंत पुरी उघड व्हायची होती, तीही रखडली. तिथले कारकून आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचे नाहीत. फरक एवढाच की तिथे काहीच न करणाऱ्याच्या हातून कागद उघडतो आणि इथे काहीच न करणाऱ्याच्या हातून तो बंद राहतो.

ब्रिटनने १९५८च्या कायद्यात पन्नास वर्षं ठेवली, १९६७ साली ती तीस केली, आणि २०१०च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने वीसवर आणायला घेतली. त्या तीस वर्षांच्या नियमाचा एक झटका आपल्यालाही बसला. जानेवारी २०१४मध्ये लंडनच्या अभिलेखागारात १९८४ची कागदपत्रं खुली झाली आणि त्यातून कळलं की सुवर्णमंदिरातल्या कारवाईच्या काही महिने आधी, भारताच्या विनंतीवरून, ब्रिटनच्या विशेष दलाचा एक अधिकारी सल्ला द्यायला आला होता. ब्रिटनच्या संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी ४ फेब्रुवारीला निवेदन केलं की त्या सल्ल्याचा प्रत्यक्ष कारवाईवर फारसा परिणाम झाला नाही. अमृतसरमध्ये घडलेल्या गोष्टीचा हा तुकडा अमृतसरच्या माणसाला लंडनहून कळला.

१९७१च्या युद्धाचंही तसंच. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर इंदिरा गांधींबद्दल बंद दाराआड कुठल्या भाषेत बोलत होते, हे जगाला २००५ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच छापलेल्या खंडातून समजलं. किसिंजर यांना एका भारतीय वाहिनीपुढे खेद व्यक्त करावा लागला. त्या युद्धाची आपली बाजू? २०१०मध्ये बातम्या आल्या की पूर्व कमांडची १९७१ची कागदपत्रं नष्ट करण्यात आली. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी सांगितलं, की १९७४मध्ये कमांडची सूत्रं हाती घेतल्यावर त्यांनी ती मागितली, तेव्हा ती फाडून टाकल्याचं त्यांना कळलं. ढाक्यात शरणागती घेणाऱ्या फौजेचे कागद. बंद कपाटाचा हा धोका फार कुणी लक्षात घेत नाही. ज्याची बाहेर नोंद नाही, ते आत आहे की नाही हे कोण तपासणार?

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यातलं पेशवे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. त्यात इनामं होती, संस्थानांशी झालेले व्यवहार होते, म्हणजे सरकारला अडचणीत आणू शकतील असे कागद होते. निवडक काही बाहेर आलं, पण अभ्यासकांना ते दप्तर सरसकट कधी उघडलं नाही. राजवाडे, खरे, पारसनीस यांच्या पिढीने वाड्यावाड्यांतून, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, त्यामागे हेही एक कारण होतं. अखेर सरकारने रियासतकार गो. स. सरदेसाई यांना दप्तर तपासायला बसवलं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पंचेचाळीस खंड काढले. शंभरावर वर्षं गेली होती. सरकारी दप्तर मिटलेलं असलं की इतिहास खाजगी दप्तरांतून लिहिला जातो, हे आपल्याकडे तेव्हापासून चालत आलं आहे.

खुद्द यशवंतरावांच्या बाबतीतही तेच झालं. १९६५च्या युद्धात ते रोजनिशी लिहीत. त्यांचे तेव्हाचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७मध्ये प्रसिद्ध केली. प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव झाले आणि नंतर अरुणाचलचे राज्यपाल, म्हणजे ज्या नेफाच्या पराभवाने चव्हाणांना दिल्लीत नेलं, त्याच प्रदेशाचे. १ सप्टेंबर १९६५च्या दुपारी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसल्यावर हवाई दल वापरण्याची परवानगी चव्हाणांनी पंतप्रधानांची वाट न बघता काही मिनिटांत दिली. हा निर्णय आज आपल्याला त्यांच्या माणसांच्या लेखणीतून नीट कळतो. एका मंत्र्याला रोजनिशी लिहिण्याची सवय होती आणि एका सचिवाला ती जपण्याची, हे आपलं नशीब.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र म्हणता येणार नाही. चीनशी सीमा आजही आखलेली नाही. १५ जून २०२०ला गलवानमध्ये वीस भारतीय सैनिक मारले गेले. १९६२लाही गलवानमध्ये आपलं ठाणं होतं. डोंगर तेच, खिंडी त्याच. कुठल्या वाटेने फौज जाऊ शकते, कुठे रसद तुटते, असा मजकूर आजही शत्रूच्या कामाचा असू शकतो. चीननेही २००४पासून आपल्या परराष्ट्र खात्याची जुनी दप्तरं थोडी उघडली आणि २०१३च्या सुमारास पुन्हा मिटून घेतली. पण मग त्या वाटांची पानं झाकावीत. ५ डिसेंबर १९६१च्या पत्रातून कलम कुणी गाळलं, हे डोंगराशी निगडित नाही. ज्या अहवालाची शंभराहून जास्त पानं बीजिंगमधला कुठलाही विद्यार्थी वाचू शकतो, त्याबद्दल 'एकही ओळ नाही' असं म्हणण्याला संरक्षण म्हणत नाहीत.

डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी एका सरकारी कार्यक्रमात उघडपणे सांगितलं, की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांची, इतकंच काय हरितक्रांतीचीही कागदपत्रं अभिलेखागाराकडे नाहीत. केंद्राची १५१ मंत्रालयं आणि विभाग. त्यांपैकी अवघ्या ३६ मंत्रालयांचे, आणि सगळ्या मिळून ६४ संस्थांचे कागद तोवर तिथे पोहोचले होते. संरक्षण मंत्रालयाने स्वातंत्र्यापासून त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत ४७६ फायली पाठवल्या होत्या. त्या वर्षात मात्र १९६०पर्यंतच्या वीस हजार फायली आल्या, असंही त्यांनी नमूद केलं. १९६०पर्यंतच्या. म्हणजे 'फॉरवर्ड पॉलिसी'ची १९६१ची बैठक झाली त्याच्या आधीच्या.

या वीस हजार फायलींमागे जून २०२१चा एक निर्णय आहे. १२ जूनला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी युद्धांचे इतिहास लिहिण्याचं आणि कागद खुले करण्याचं धोरण मंजूर केलं. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने आणि मग एन. एन. व्होरा समितीने हेच सुचवलं होतं, तेव्हा वीसेक वर्षं उशीर झालाच होता. धोरणानुसार सहसचिवाच्या अध्यक्षतेखाली समिती असेल. तीत तिन्ही दलं, परराष्ट्र आणि गृह मंत्रालय, आणि गरज पडल्यास लष्करी इतिहासकार. कारवाई संपल्यावर पाच वर्षांत इतिहास तयार करायचा. कागद 'साधारणपणे' पंचवीस वर्षांत खुले करायचे. गंमत अशी की याच्या बारा दिवस आधी, ३१ मेला, निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल झाला होता: गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या खात्याशी संबंधित काही छापायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी. मलिकांनी १९७१मध्ये लिहिलं तसं पुस्तक आज लिहिणाऱ्याला हा दरवाजा आधी ठोठावावा लागेल. म्हणजे सरकारी दप्तर उघडण्याचं आश्वासन आणि खाजगी दप्तरावर कुलूप, ही दोन्ही पत्रं एकाच पंधरवड्यातली.

नव्या धोरणाबद्दल पत्रकारांनी तेव्हा साहजिक प्रश्न विचारला: १९६२चं काय? सुवर्णमंदिरातल्या 'ब्लू स्टार' कारवाईचं काय? मंत्रालयातून उत्तर आलं की हे आपोआप होणार नाही, प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार होईल. विचार कुणी, कधीपर्यंत करायचा आणि नकार दिला तर कारण लिहायचं की नाही, यातलं काहीही धोरणात बांधलेलं नाही. समिती मंत्रालयाचीच आहे, कागदही मंत्रालयाचेच. आणि हेंडरसन ब्रूक्स तिच्यासमोर ठेवायचा की नाही, तेही त्याच मंत्रालयाने ठरवायचं आहे.